आपल्या मुलीचा पाचवा फाऊल

पावसाळा ओसरू लागला की आमच्या लातूरमध्ये शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम रंगात येतो. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. एरवी वर्गात उर्दू आणि मराठी शिकवणारी मी त्या दिवसांत डोक्यावर काळा स्कार्फ, अंगात पंचाचा करडा शर्ट आणि गळ्यात शिट्टी अशी बास्केटबॉलच्या मैदानावर उभी असते. नात्यातल्या बायका विचारतात, "बाजी, या वयात हे काय?" या शिट्टीने मला एक गोष्ट शिकवली. ती आज सांगते.

गेल्या हंगामात सतरा वर्षांखालील मुलींचा सामना होता. एक संघ उर्दू शाळेचा. सामन्याआधी आम्ही पंच मुलींची नखे, बांगड्या, कानातले तपासतो. एका मुलीच्या डोक्यावर काळा स्कार्फ होता. माझे सोबती पंच म्हणाले, "मॅडम, हे चालणार नाही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. जुना नियम डोक्यात पक्का बसला होता, इतकेच.

तो नियम होताही तसाच कडक. 2014 साली चीनमधल्या वुहानच्या आशिया चषकात भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना डोक्यावरचा पटका उतरवूनच खेळावे लागले. त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितले गेले. त्यांनी नकार दिला आणि न खेळताच सामना सोडला. त्यानंतर बरीच चर्चा झाली आणि 'फिबा' या जागतिक संघटनेने नियम बदलला. 1 ऑक्टोबर 2017 पासून डोके झाकून खेळता येते. अटी साध्या आहेत. चेहरा झाकलेला नको, इजा होईल असे काही नको, काही लोंबायला नको, चेहऱ्याजवळ किंवा गळ्याशी उघडबंद होणारे काही नको. 2017 च्या नियमात रंग काळा, पांढरा किंवा संघाच्या पोशाखाचा असावा, अशीही अट होती.

मी सोबत्यांना हे सांगितले आणि त्यांनी मान्य केले. मुलीच्या हनुवटीखाली टाचणी होती, ती मात्र मी काढायला लावली. तिने स्कार्फची टोके बनियनमध्ये खोचली आणि ती मैदानात उतरली. तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणीतरी पुटपुटले, "पंच त्यांच्याच आहेत, मग काय!"

ते वाक्य माझ्या कानात राहिले.

शेवटची दोन मिनिटे उरली होती. उर्दू शाळेचा संघ दोन गुणांनी पुढे होता आणि या मुलीचे चार फाऊल झाले होते. पाचवा झाला की खेळाडू बाहेर. समोरची मुलगी चेंडू घेऊन धावत आली, दोघींची धडक झाली आणि मी शिट्टी वाजवली. मूठ वर केली, फाऊल आमच्या मुलीवर दिला. ती काही बोलली नाही. चेहरा फिरवून बाकावर जाऊन बसली. समोरच्यांनी दोन्ही फ्री थ्रो टाकले, बरोबरी झाली आणि शेवटी उर्दू शाळा एका गुणाने हरली.

रात्री एका शिक्षकाने मोबाइलवर काढलेले चित्रण पाठवले. मी ते तीनदा पाहिले. मुलगी आधीच दोन्ही पाय जमिनीवर रोवून, समोर तोंड करून उभी होती. अशा खेळाडूच्या छातीवर कोणी येऊन आदळले, तर फाऊल आदळणाऱ्याचा असतो. माझा निर्णय चुकला होता.

पंचाच्या काही चुका थोड्या वेळात दुरुस्त करता येतात, जसे चुकीने दिलेला फ्री थ्रो किंवा चुकीचा लिहिलेला गुण. पण धक्का कोणी कोणाला दिला, हा निवाडा नंतर बदलत नाही. निकाल कायम राहिला.

झोप लागेना. मी मुद्दाम काही केले नव्हते. पण आपल्या मुलीला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, या भीतीने माझी शिट्टी आधीच ओठांवर होती. पक्षपाताच्या आरोपाला घाबरून मी उलटा पक्षपात केला होता.

शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारून शनिवारी मी मुलीला भेटले. तिची अम्मी म्हणाली, "बाजी, अपनीच बच्ची थी, थोडा तो देखना था." मी म्हणाले, "थोडा नहीं आपा, बराबर देखना था." मग मुलीला सांगितले, "बेटा, फाऊल तुझा नव्हता. चूक माझी होती." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग पुढच्या वेळी तशीच उभी राहू ना?" मी म्हणाले, "अगदी तशीच."

भगिनींनो, हे फक्त मैदानावर घडत नाही. माझी भाची माझ्याच वर्गात होती, तेव्हा ती हात वर करायची आणि मी मुद्दाम दुसरीला विचारायची. शेजारच्या मुलाशी भांडण झाले की आपण काही न विचारता आधी आपल्याच मुलाला रागावतो, कारण लोक बघत असतात. त्याला आपण इन्साफ समजतो. पण त्यात आपली अब्रू राखली जाते आणि मुलाचा हक्क जातो. न्यायाची अमानत परक्याइतकीच आपल्या माणसाचीही असते. पुढच्या वेळी लेकराला रागावण्याआधी एवढेच विचारू या, "काय झाले?" आणि त्याचे बोलणे पुरते ऐकून घेऊ या.