लिटर विचारता, तारीख का नाही?

जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक आधी म्हशीच्या कासेला हात घालतं, मग दात बघतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "एका वेळेला किती देते?" धार काढून दाखवली जाते, भाव तुटतो, म्हैस टेम्पोत चढते. ती गेल्या दोन वेळा कधी व्याली, हे सहसा कोणी विचारत नाही.

हिशेब तिथंच चुकतो. म्हैस गाभण राहिल्यापासून व्यायला साधारण 310 दिवस घेते. दर 14 महिन्यांनी वेत हवं असेल तर व्यायल्यावर चार महिन्यांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. तसं जमलं तर सात वर्षांत सहा वेतं. हेच अंतर 18 महिन्यांवर गेलं, तर पाचही पुरी होत नाहीत. वैरण आणि पेंड मात्र भाकड म्हशीलाही रोज लागते.

मग घोडं अडतं कुठं? बहुतेकदा माज ओळखण्यात. गाय माजावर आली की हंबरून गल्ली जागी करते, दुसऱ्या जनावरांवर उड्या मारते. म्हशीचा माज मुका. थोडी बेचैनी, पुन्हा पुन्हा लघवी, काचेसारखी लांब तार धरणारा बळस, एखाद्या वेळी दुधात किंचित घट. त्यातही ही लक्षणं बऱ्याचदा संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंत दिसतात. सकाळी मालक शेण काढायला येतो तेव्हा बळस शेपटीला चिकटून वाळलेला असतो. ही पाळी हुकली की पुढची 21 दिवसांनी. अशा तीन पाळ्या गेल्या की दोन महिने बुडाले.

उन्हाळा ही दुसरी अडचण. काळी कातडी ऊन शोषते, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, म्हणून म्हैस डबक्यात लोळते. शिवाय दिवस लहान होऊ लागले की तिचा माज खुलतो. त्यामुळे उन्हाळ्यात सावली, अंगावर पाणी आणि हिरवा चारा ही चैन नव्हे, गाभण राहण्याची ती तयारी आहे.

दूध जास्त मिळतं म्हणून हरियाणाच्या मुऱ्हेवर सगळ्यांचा डोळा. पण सोलापूर, सांगली, कोल्हापूर पट्ट्यातली लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस लवकर वयात येते आणि वेळेवर गाभण राहते, हीच तिची ख्याती. कोल्हापुरात दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकलं जातं, ते याच म्हशीच्या जोरावर. दिवसाला सहा-सात लिटर देणारी पण वेळेवर विणारी म्हैस, दहा लिटर देऊन वर्षभर भाकड उभी राहणाऱ्या म्हशीपेक्षा सरस ठरू शकते.

सरकारी योजनांतून दुधाळ जनावरांचे गट वाटले जातात, ते चांगलंच. पण कृत्रिम रेतन माज सुरू झाल्यावर साधारण बारा तासांनी करायचं असतं; रात्री माज दिसला तर सकाळी लवकर माणूस गोठ्यात पोचायला हवा. त्यासाठीची फिरती सेवा वाटपाइतकीच गरजेची आहे. आणि डेअरीच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ छापताच ना? दूध संघांनी सभासदाच्या प्रत्येक म्हशीसाठी एक कार्डही द्यावं: व्याल्याची तारीख, माज दिसल्याची तारीख, रेतनाची तारीख. ते कार्ड गोठ्याच्या खांबाला टांगलेलं असलं, तर पुढच्या बाजारात गिऱ्हाईक कासेला हात घालण्याआधी ते मागून घेईल.