एकच डाव किती वेळा?

‘हा सारखी तीच किक मारतो, ही चीटिंग आहे!’ ज्या घरात व्हिडिओ गेम आहे, त्या घरातल्या आईवडिलांना ही तक्रार तोंडपाठ असते. मारामारीच्या गेममध्ये एकच डाव पुन्हा पुन्हा वापरणं हा खरंच गुन्हा आहे का? जगभरचे नामांकित खेळाडू याच प्रश्नावर गेली तीसेक वर्षं डोकं खाजवत आहेत!

आधी आपल्या ओळखीचा नमुना पाहू. १९९८ साली प्लेस्टेशनवर ‘टेकन ३’ आला. त्यात चार बटणं म्हणजे दोन हात आणि दोन पाय. त्यातला एडी गोर्डो हा ब्राझीलच्या कापोएरा पद्धतीने लढणारा गडी. लाथांची दोन बटणं कशीही बडवली, तरी हा पठ्ठ्या गरागरा फिरून समोरच्याला लोळवणार. त्यामुळे काल शिकलेलं पोर मुरलेल्या खेळाडूला हरवायचं आणि मग रुसवेफुगवे ठरलेलेच. पण कुस्तीत जशी प्रत्येक डावाला तोड असते, तशी ती इथेही होती. एडीच्या बऱ्याच लाथा खालून येतात. त्या उभं राहून अडवता येत नाहीत, बसून अडवाव्या लागतात. ज्याला हे उमगलं, त्याच्यापुढे नुसतं बटण बडवणाऱ्याची डाळ शिजेनाशी झाली.

काही गेममध्ये या हट्टाला खुद्द यंत्रच शिक्षा करतं. २००१ साली आलेल्या निन्टेन्डोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’मध्ये खेळाडूचे लागू पडलेले शेवटचे नऊ फटके यंत्र लक्षात ठेवतं. त्या नऊमध्ये तोच फटका जितक्या वेळा येईल, तितका तो बोथट होत जातो. मधल्या काळात दुसरे डाव वापरले, की जुन्याला पुन्हा धार चढते. रोज तीच भाजी केली तर ताट परत येणारच, तसाच हा प्रकार!

म्हणूनच वरच्या पातळीवरचा खेळाडू बोटांची तालीम करतो. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये रियूने आगीचा गोळा फेकायचा तर दांडी खाली, तिरकी आणि मग पुढे अशी एका दमात फिरवून ठोशाचं बटण दाबावं लागे. ‘मेली’तली तालीम याहून कडक. उडी मारून फटका दिल्यावर जमिनीला टेकण्याच्या ऐन क्षणी ढालीचं बटण दाबलं, तर सावरायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो. ही संधी असते एका सेकंदाच्या साठ भागांपैकी जेमतेम सात भागांची. डोळ्यांनी बघून हे जमत नाही, ते हाताच्या अंगवळणीच पडावं लागतं. आपोआप बटण दाबणारी ‘टर्बो’ची सोय टीव्ही गेमच्या जुन्या रिमोटवर असायची. मोठ्या स्पर्धांत मात्र ती चालत नाही. जे काही करायचं, ते स्वतःच्या बोटांनी!

ठरावीक डावाचं काय होतं, हे २००४ साली कॅलिफोर्नियातल्या ‘इव्हो’ स्पर्धेत दिसलं. खेळ होता ‘स्ट्रीट फायटर ३’. अमेरिकेचा जस्टिन वाँग समोर, आणि जपानच्या दाइगो उमेहाराच्या केनमध्ये जेमतेम धुगधुगी उरलेली. नुसता अडवलेला फटकाही त्याला संपवायला पुरेसा होता. वाँगने चुन-लीचा लाथांचा हुकमी महाडाव सोडला. पण नेमका तोच येणार, हे दाइगोने आधीच ताडलं होतं. त्याने पंधराच्या पंधरा फटके अचूक वेळी दांडी हलवून झेलले आणि उलट वार करून फेरी जिंकली. सभागृह नुसतं डोक्यावर घेतलं गेलं! गंमत म्हणजे त्या स्पर्धेचं अजिंक्यपद दाइगोला मिळालं नाही, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हाच क्षण.

हा खेळ फक्त पोरासोरांचा, असंही समजू नका. २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊत झालेल्या एशियाडमध्ये ‘स्ट्रीट फायटर ५’ला पदक होतं. सुवर्ण पटकावलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, आणि त्यांचं वय होतं ४४ वर्षं!

या तालमीची दुसरी बाजूही आईवडिलांनी ओळखून असावी. तासन् तास तीच हालचाल केल्याने मनगट आणि अंगठा दुखावतो. ‘मेली’च्या काही नावाजलेल्या खेळाडूंना हाताच्या दुखण्यापायी खेळ थांबवावा लागला, काहींनी दांडी सोडून नुसत्या बटणांची सपाट पेटी जवळ केली. डावाचा अतिरेक यंत्र माफ करील, स्नायू करत नाहीत. मध्ये मध्ये विश्रांती हवीच, आणि दुखणं किंवा मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

राहता राहिला चीटिंगचा सवाल. नियमात बसतो, तो डाव चीटिंग नव्हे. तेव्हा पुढच्या वेळी तक्रार आली, तर कुणालाच रागावू नका. हरलेल्याला एवढंच विचारा, ‘त्या किकची तोड शोधलीस का?’ आणि जिंकलेल्याला विचारा, ‘त्याला तोड सापडली, की मग काय करशील?’