आमचा मामा

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती तीन आठवडे उशिरा पडतो आहे. माझा धाकटा भाऊ गेला. माझी मुलगी त्याला मामा म्हणायची, म्हणून केंद्रातल्या सगळ्याजणी मामा म्हणू लागल्या. साठीच्या आजींचाही तो मामाच. तीसेक वर्षे या अंकाच्या घड्या त्याने घातल्या, तिकिटे त्याने चिकटवली. तुमच्यापैकी अनेकजणींना तो पाणी देणारा म्हणून आठवेल. मार खाऊन आलेली बाई बाकावर बसली की ताटलीत पेला ठेवून आणायचा आणि विचारायचा, "जेवलीस का?" अर्ज, जबाब, पोलीस चौकी हे सगळे आमच्या डोक्यात आधी यायचे. जेवणाचे त्याच्या.

त्याला संत करायचे नाही. त्याच्या स्टुलावर कोणी बसले तर आकाशपाताळ एक करायचा. तिकीट वाकडे लागले की रुसायचा. एकदा चिडून गठ्ठाभर रॅपर फाडली होती. दर वर्षी तुळशीचे लग्न झाले की विचारायचा, "माझं कधी?" आणि आम्ही हसायचो. ते हसणे आता बरे वाटत नाही.

१९६३ साली तो जन्मला तेव्हा आई ३९ वर्षांची होती. 'मंगोल मूल' आहे, दहा वर्षे जगले तरी पुष्कळ, असे डॉक्टर म्हणाले. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असल्या की असे मूल जन्मते, हे १९५९ सालीच कळले होते, पण आमच्या वाड्यापर्यंत ते पोचले नव्हते. वाड्याने कारण शोधले ते असे, की आईने ग्रहण पाळले नाही. हे तिला तोंडावर सांगितले गेले आणि तिनेही ते बरीच वर्षे खरे मानले. वडिलांचे त्याच्यावर प्रेम नव्हते असे नाही, पण ते रविवारी सकाळी तासभर असायचे. बाकीचा आठवडा आईचा. ती १९९८ साली गेली आणि तो आठवडा माझ्याकडे आला. माझ्या दोन्ही भावांकडे तो का गेला नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता जे लिहायचे आहे ते अवघड आहे.

१९८६-८७ साली गर्भजलपरीक्षेविरुद्धची आमची पत्रके याच टेबलावर घडी होऊन बाहेर पडत. घड्या मामाच्या. १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी कायदा केला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्यातले दोन त्याने पळवले. त्या कायद्यात आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्यातही गर्भाचे लिंग शोधायला बंदी होती, पण गुणसूत्रांतला दोष शोधायला परवानगी होती. म्हणजे त्या परवानगीच्या यादीत माझा भाऊ होता. कायद्यातल्या शब्दाशब्दावर आम्ही रात्री जागवल्या. त्या कलमापाशी कोणी अडखळले नाही. मीसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची एक तरुण कार्यकर्ती गरोदर बहिणीचा रिपोर्ट घेऊन आली. तिने विचारले, "ताई, तुम्ही काय केलं असतं?" मामा तिथेच होता. मी म्हटले, निर्णय तुझ्या बहिणीचा. आजही माझे उत्तर तेच आहे. बाईच्या पोटातले तिच्यावर लादायचे नाही, यावर मी तसूभर हटणार नाही. पण ती मुलगी पुढे म्हणाली, "ठेवलं, तर ती गेल्यावर त्याचं कोण करणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सगळे करणे एकट्या आईवरच पडणार हे ठरलेले असताना केलेल्या निवडीला मोकळी निवड कशी म्हणायची? आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा काय म्हणतो पाहा. गर्भात मोठा दोष आहे असे वैद्यकीय मंडळाने सांगितले तर गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा नाही. निरोगी गर्भ नको असलेल्या बाईला मात्र २० किंवा फार तर २४ आठवडे. ही मुभा बाईच्या इच्छेला दिलेली नाही, मामासारख्याच्या नसण्याला दिलेली आहे.

आमच्या घरचेही सांगते. बायकांच्या घरकामाला मोल नाही असे अग्रलेख याच पानावर लिहिणाऱ्या आम्ही मामाला अंकामागे एक वडापाव आणि चहा देत होतो. एका पाहुणीने टोकल्यावर पैसे द्यायला लागलो. ते तो डब्यात ठेवायचा आणि सगळ्यांना शेव आणायचा. त्याला सांभाळायला येणाऱ्या ताईंचा पगारही मी दोन वर्षे वाढवला नव्हता. त्यांनी मागितला नाही, एवढेच माझे कारण.

पन्नाशीनंतर त्याला विसर पडू लागला. त्या जादा गुणसूत्रामुळे स्मृतिभ्रंश लवकर आणि पुष्कळजणांना गाठतो. शेवटची चार वर्षे घडी जमत नव्हती, तरी कागदांचा गठ्ठा आम्ही समोर ठेवायचो. माझे नाव गेले, मुलीचे गेले. "जेवलीस का?" मात्र अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत होते. ६२ व्या वर्षी झोपेत गेला.

पुढच्या अंकात त्या कलमावर चर्चा ठेवतो आहोत. गावोगावच्या गटांनी लिहावे. ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्या आयांनी, बहिणींनी जरूर लिहावे, आमचे म्हणणे पटत नसेल तर तसेही. लिहायला सवड नसेल, आणि ती कशी असणार, तर निरोप द्या. आमच्यापैकी कोणीतरी येऊन लिहून घेईल, आणि तेवढा वेळ तुमच्या मुलाजवळ दुसरी कोणी बसेल.