सट्ट्याला ‘मत’ म्हटले म्हणून तो हलाल होत नाही

रात्रीचा दीड वाजला आहे. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका खोलीत तीन मुले एकाच मोबाइलवर इंग्लंडमधला फुटबॉल सामना पाहत बसली आहेत. गोल कुणी केला, कोण जिंकते आहे, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. ती कॉर्नर मोजत आहेत. नऊ झाले आहेत. दहावा झाला तर पैसे येतील, नाही झाला तर गेले. सकाळी सातला नीटचा क्लास आहे. गावाकडे अब्बांनी फीसाठी उसनवारी केली आहे.

हे चित्र कुणा एका मुलाचे नाही. नांदेडच्या देगलूर नाक्यावर असो की लातूरच्या गंजगोलाईत, आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी दोस्त आहे. त्याला ‘सट्टा खेळतोस का?’ असे विचारले तर तो दुखावतो. म्हणतो, “सट्टा नाही भाई, प्रेडिक्शन आहे. ओपिनियन ट्रेडिंग. डोके लागते त्याला.” खरी मेख या शब्दातच आहे.

आधी हा धंदा चालतो कसा ते पाहू. प्रश्न असतो : दहापेक्षा जास्त कॉर्नर होतील का? ‘हो’चा भाव 6 रुपये, ‘नाही’चा 4. ज्याचे उत्तर बरोबर, त्याला 10 रुपये. शेअर बाजारासारखे भाव वर-खाली होतात, म्हणून व्यापार केल्यासारखे वाटते. पण समजा, 20 मित्रांनी प्रत्येकी 1000 रुपये घेऊन आपसात खेळायला सुरुवात केली, रोज 1000 सौदे झाले आणि अ‍ॅपने प्रत्येक सौद्यामागे 50 पैसे कापले. रोजचे 500 रुपये गेले. चाळीस रात्रींनंतर वीसच्या वीस हजार अ‍ॅपकडे. मधल्या काळात कोण जिंकले, कोण हरले याला काही अर्थ उरत नाही.

नाव नवे आहे, चीज जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पाऊस किती पडेल यावर पैसे लागत. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या वाचा : कापसाचा भाव, त्या भावातले आकडे, पाऊस पडेल की नाही, किती पडेल, हे सगळे तिथे नावानिशी आहे. पुढे 1960 च्या दशकात मुंबईत मटका फोफावला, त्याची सुरुवातही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या ओपन-क्लोजच्या आकड्यांवरून झाली. उस्मानशाही मिलच्या नांदेडला कापसाचे मोल सांगायला नको. कापूस पिकवणारा, पिंजणारा, विणणारा घाम गाळून कमावत होता, आणि त्याच कापसाच्या आकड्यावर दुसरीकडे लोकांची घरे बसत होती. आज कापसाच्या जागी कॉर्नर आला, एवढाच फरक.

‘मग शेअर बाजार आणि वायदे बाजारही जुगारच ना?’ हा प्रश्न तरुण हमखास विचारतात. उत्तर आपल्या शेतातच आहे. सोयाबीन पेरणाऱ्याच्या डोक्यावर भाव पडण्याची जोखीम आधीच असते. वायद्यातून ती जोखीम तो दुसऱ्याकडे सोपवू पाहतो. कॉर्नरमुळे कुणाचे पीक बुडत नाही. तिथे आधी जोखीमच नसते, ती पैसे लावून तयार केली जाते. गंमत बघा : सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर 2021 मध्ये थांबवले आणि ही बंदी पुढे वाढवत नेली. लातूरच्या शेतकऱ्याला भावाचे संरक्षण मिळेना, पण त्याच्या मुलाच्या मोबाइलवर कॉर्नरचा ‘बाजार’ खुला होता.

आता कायद्याकडे येऊ. 29 एप्रिल 2025 रोजी सेबीने जाहीर सावधगिरीचा इशारा दिला की ओपिनियन ट्रेडिंगचे प्लॅटफॉर्म आपल्या नियमनात येत नाहीत, तिथे गुंतवणूकदाराला कोणतेही संरक्षण नाही. जुलैमध्ये प्रोबो या मोठ्या अ‍ॅपच्या ठिकाणांवर ईडीने छापे घातले. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब, हा वाद या कायद्याने बाजूला ठेवला : पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखवणारा ऑनलाइन खेळ बेकायदा. प्रोबोसह मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या.

अमेरिकेत याच्या उलट वाट धरली गेली. गहू-कापसाच्या वायद्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या छत्राखाली काल्शीसारख्या कंपन्यांनी खेळांवरचे सौदे सुरू केले आणि नेवाडा, न्यू जर्सीसारखी राज्ये त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. आपल्याकडेही काही जण म्हणतात, बंदीपेक्षा नियमन करा, कर घ्या. मला हे पटत नाही. सामना फिरवायला अनेक खेळाडू फितवावे लागतात. एक कॉर्नर द्यायला एक बचावपटू पुरतो. घटना जितकी छोटी, तितकी ती विकत घेणे स्वस्त. 2010 मध्ये लॉर्ड्सवर मोहम्मद आमिरने ठरवून नो-बॉल टाकले, तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या तुरुंगात होता. त्या नो-बॉलने सामन्याचा निकाल ठरला नव्हता. म्हणूनच तर ते ‘किरकोळ’ वाटले.

पण बंदीने दार बंद झाले, खिडक्या उघड्या राहिल्या. परदेशी साइट, टेलिग्राम ग्रुप, क्रिप्टो. आणि या खिडकीपाशी उभा असतो तो आपलाच भाऊ. इथे नीट लक्ष द्या. हा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही. जाहिरात करणाऱ्याला मात्र दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांच्या व्यवहाराला मदत करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे चार पैशांसाठी साइटची रील टाकणारा, महिन्याच्या भाड्यावर बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला देणारा आपला दोस्त कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. साइटचा मालक परदेशात असतो, पासबुकवरचे नाव मात्र इथल्या मोहल्ल्यातले असते. पोलीस दारात येतात तेव्हा अम्मीला ‘ओपिनियन ट्रेडिंग’ समजावून सांगता येत नाही. आणि जिंकलेले पैसे साइटने दिले नाहीत तर? 1872 च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार रद्दबातल. कोर्टात दाद नाही.

दीनच्या बाजूनेही पळवाट शोधणारे आहेत. रोमी लोक पुन्हा जिंकतील यावर हज़रत अबू बक्र (रज़ि.) यांनी मक्केत पैज लावली होती, असा दाखला ते देतात. पण तिर्मिज़ीच्या संग्रहातली ती रिवायतच सांगते की हे पैजेच्या मनाईपूर्वीचे आहे. नंतर सूरह माइदाने जुगाराला दारूच्या रांगेत बसवले आणि कारणही दिले : तो माणसामाणसांत वैर पेरतो आणि नमाजपासून तोडतो. सूरह बकराने तर त्यात लोकांचा काही फायदा असल्याचेही मान्य केले, पण पाप फायद्याहून मोठे म्हटले. ‘डोके लागते’ हे उत्तर इथे चालत नाही. प्रश्न डोक्याचा नाही, दुसऱ्याच्या खिशाचा आहे. तुझे 10 रुपये म्हणजे कुणाचे तरी 6 रुपये.

सरकारलाही विचारले पाहिजे. घोड्यांच्या शर्यतीला सूट, 1969 पासून राज्याची स्वतःची लॉटरी, आणि ऑक्टोबर 2023 पासून याच ऑनलाइन खेळांच्या पैशांवर 28 टक्के जीएसटी घेऊन मग ऑगस्ट 2025 मध्ये जाग. तपास खाते भाड्याने देणाऱ्या पोरापाशीच थांबू नये, ते भाड्याने घेणाऱ्यापर्यंत पोहोचावा. ही मागणी आपण नागरिक म्हणून लावून धरू.

आणि आपल्या घरात? बँक खाते, सिम, आधार कुणालाही वापरायला देऊ नका. दिले असेल तर आजच बँकेला लेखी कळवा, वकिलाशी बोला. फसवणूक झाली तर 1930 वर तक्रार करा. जुमाच्या बयानात या विषयाला दहा मिनिटे द्या. जो अडकला आहे त्याला बेइज्जत करू नका. शरमेपोटी तो आणखी एक डाव लावतो, ‘फक्त गेलेले परत आणायला’. त्याच्याजवळ बसा, कर्जाचा हिशेब कागदावर मांडा, गरज वाटली तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन लावून द्या.

फुटबॉल जरूर पाहा. फक्त खेळ पाहा, कॉर्नर मोजू नका. सकाळी सातला क्लास आहे.