गुरुवारची सुट्टी आणि चोवीस तासांच्या बातम्या

पिंपरी-चिंचवडच्या कामगार घरांत एकाच छताखाली राहणारी माणसं आठवडा-आठवडा एकत्र जेवत नाहीत आणि त्यांचा रिकामा वेळ मोबाइलवरच्या बातम्या खातात, हे मला फार गंभीर वाटतं. त्याबद्दल हे पत्र.

भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी केलेली ही जुनी सोय. शाळा मात्र रविवारी बंद, आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्या मुला-सुनेला सुट्टी शनिवार-रविवारची. त्यात तीन पाळ्या. फर्स्ट शिफ्टवाला पहाटे कंपनीची बस धरतो तेव्हा पोरं झोपलेली असतात. सेकंड करून येतो तेव्हाही झोपलेलीच. चाकणला जाणाऱ्याचा आणखी वेळ नाशिक महामार्गावरच्या कोंडीत जातो. मग गुरुवारी घरात एकटा असलेला माणूस टीव्ही लावतो, हातात मोबाइल घेतो आणि संध्याकाळी सगळे परततात तेव्हा तो चिडलेला, थकलेला असतो. ज्या भांडणांशी त्याचा काडीचा संबंध नाही, त्यांनी त्याला थकवलेलं असतं.

जगात काय चाललंय ते कळायला नको का, असं कोणी विचारेल. जरूर कळावं. पवना धरणातून पाणी सोडलं तर नदीकाठच्या वस्त्यांना ते लगेच समजलंच पाहिजे. पण दिवसभरात आपण पाहतो त्यातल्या अशा बातम्या किती? ८ मे २०२५ च्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्ष सुरू असताना, अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. ते खोटं निघालं. जे पहाटेपर्यंत जागून ते पाहत बसले, त्यांना झोपी गेलेल्यांपेक्षा जास्त काय कळलं? उलट चुकीचंच कळलं.

१८८१ साली ‘केसरी’ निघाला तो साप्ताहिक म्हणून. गावात एकाने वाचायचा आणि चार जणांनी ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, वाद घालायचा, अशी रीत होती. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन आलं, त्यानंतरही बरीच वर्षं बातम्यांची वेळ ठरलेली होती. त्या संपल्या की घर पुन्हा घरच्यांचं. २००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या, पाठोपाठ हातोहाती स्मार्टफोन आले, आणि बातमी एकट्याने, न थांबता पाहायची गोष्ट झाली. माझी तक्रार या एकटेपणाबद्दल आहे.

कारण बातमीचा अर्थ चार माणसांत बसल्यावरच लागतो. असं बसणं जत्रेत घडतं. चैत्र-वैशाखात खेड, मावळ, जुन्नरच्या गावांतून जत्रा असतात. पिंपरी-चिंचवडमधल्या मूळ गावांच्या जमिनी एमआयडीसीत आणि नवनगर विकास प्राधिकरणात गेल्या, तरी ग्रामदैवताच्या उत्सवाला भावकी जमते, माहेरवाशिणी येतात. तिथे कोणाचं कंत्राट संपलं, कोणत्या कंपनीत भरती निघाली, कोणाच्या पोराला आयटीआयचा कोणता ट्रेड मिळाला, चुलत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, हे सगळं पंगतीत कळतं. विशेष म्हणजे, ऐकल्यावर काहीतरी करता येतं. कोणी पोराचा अर्ज नेऊन देतो, कोणी दवाखान्यात सोबत जातो. वर्षानुवर्षं बांधावरून न बोलणारे भाऊ अशाच पंगतीत शेजारी बसतात. नेहमी मिटतं असं नाही, पण बोलणं तरी सुरू होतं. आपण कोणाचे आहोत आणि कोणाच्या उपयोगी पडतो, हे माणसाला अशा ठिकाणी समजतं. कोणताही अँकर ते सांगू शकत नाही.

जत्रेला जाणं सगळ्यांना सारखं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. चाकण, महाळुंगे, खराबवाडी परिसरात खोल्या करून राहणारा मराठवाडा-विदर्भातला कंत्राटी मुलगा जत्रेला गेला तर त्याचा खाडा पडतो. पगार कापला जातो, कधी कामही जातं. त्याला ‘मोबाइल कमी बघ’ एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. त्याच्या हातात दुसरं काय ठेवलंय आपण?

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी आणि कंत्राटदारांनी गावच्या जत्रेसाठी वर्षातून दोन दिवसांची भरपगारी रजा कंत्राटी कामगारांनाही द्यावी आणि कामगार संघटनांनी पुढच्या करारात ही मागणी पगारवाढीइतक्याच जोराने लावून धरावी. आणि घरोघरच्या वाचकांनी आठवड्यातलं एक जेवण ठरवावं, पाळ्या पाहून, वार कोणताही असो. त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. बातम्या सकाळच्या अंकात वाचता येतील.

आपला,
एक निवृत्त कामगार, चिंचवड