ओम्नी थंड झाली की पुरावा गेला

गाडीघोडा / वाटसरू

राहुरी फॅक्टरी ते देवळाली प्रवरा या टापूत रस्त्याच्या कडेला, पुढची सीट उचलून ठेवलेली ओम्नी दिसली की समजायचं, उन्हाळा लागला. ओम्नीला बॉनेट नाही, इंजिन सीटखाली. सकाळी एका सेल्फला सुरू होणारी, बाजारात भाजीचे कॅरेट टाकून येणारी ही गाडी दुपारी शिंगणापूरचं भाडं नेताना मध्येच बंद पडते. सावलीत थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

1984 साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली, 1988 साली ‘ओम्नी’ झालेली ही गाडी बनायची थांबली 2019 साली. म्हणजे आज रस्त्यावरची सगळ्यात नवी ओम्नीही जुनीच. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन साधं आणि चिवट आहे. पण बंद खोक्यात बसल्यामुळे त्याची सगळी धग आजूबाजूच्या कॉइल, वायरिंग आणि पेट्रोलच्या पाइपांना लागते. ऊसट्रॉलीच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चाललं की वाराही लागत नाही.

आता होतं काय? मालक संध्याकाळी गाडी गॅरेजला नेतो. तोवर ती थंड झालेली असते. मेकॅनिक सेल्फ मारतो, गाडी सुरू. मग अंदाज सुरू होतो: प्लग बदला, कॉइल बदला, कार्बोरेटर खोला. पुढच्या दुपारी गाडी त्याच जागी उभी. मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे, पण माझ्या मते यात मोठा वाटा आपला आहे. पार्टचे पैसे आपण निमूट देतो. “तासभर तपासलं, त्याचे इतके झाले” असं कुणी म्हटलं की “केलं काय तू?” म्हणून विचारतो. मग तो बिचारा तपासेल कशाला? पार्टच बदलेल.

या आजाराचा पुरावा गाडी बंद असते तेवढ्याच मिनिटांत हाती लागतो. पहिलं, टेम्परेचरचा काटा बघा. लाल पट्टीत गेला असेल तर गोष्ट कूलंट, फॅन, थर्मोस्टॅट किंवा हेड गॅस्केटची. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेने हात भाजतो. काटा मधोमध असूनही गाडी बंद पडली असेल, तर इंजिन ठीक आहे, धग लागून एखादा पार्ट दगा देतोय. बहुतेक जुन्या ओम्नींची कथा हीच.

मग प्रश्न एकच: करंट जातोय की पेट्रोल? गाडी गॅसवरही चालत असेल तर निम्मं काम फुकटात होतं. गॅसवर बंद पडली, बटण पेट्रोलवर टाकलं आणि चालू लागली, तर करंट ठीक आहे, गॅसची लाइन बघा. दोन्हीवर बंद, तर संशय करंटवर. (घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणाऱ्यांनी हे सदर वाचू नये. तो गुन्हा आहे, शिवाय गाडीत शाळेची पोरं असतात.)

करंट बघायला जादा प्लग वायरीला लावून, त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवून सेल्फ मारतात. हे जाणत्या माणसानेच करावं, प्लास्टिक मुठीच्या पकडीने, पेट्रोलचा वास येत नसताना. ठिणगी नाही, तर कॉइल किंवा डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) आतला पिकअप. फार जुन्या गाडीत पॉइंट-कंडेन्सर. कॉइलची केसासारखी तार तापली की फुगते आणि आत जोड तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. म्हणून गॅरेजात थंड कॉइल मीटरवर पास होते.

ठिणगी नीट असेल तर पेट्रोलकडे वळा. टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं आणि मग गाडी सुरू झाली, तर हवा जायची वाट बुजलीय. कार्बोरेटरच्या गाडीत पंप आणि पाइपवर ओलं फडकं ठेवून चालू होत असेल तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकतेय. एमपीएफआयमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत, पेट्रोल दाबाखाली असतं, तिथे हे क्वचित. तिथे चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा क्षणभर ‘गुंऽऽ’ येतो का, ते ऐका, आणि इंजिनचा दिवा लागत असेल तर स्कॅनर लावून घ्या.

सध्या कट्ट्यावर प्रत्येक बंद गाडीचं खापर इथेनॉलवर फुटतं. हा तर उसाचाच मुलूख, त्यामुळे या विषयावर प्रत्येकाचं मत आहे. 2022 साली पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल झालं, 2025 साली 20. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनलेले नव्हते, ते कडक होतात, चिरतात. मिश्रणाची वाफही साध्या पेट्रोलपेक्षा सहज होते. म्हणून जुन्या ओम्नीचे पाइप बदलून घ्यावेत, तो खर्च किरकोळ आहे. पण ठिणगीच येत नसेल तर त्यात इथेनॉलचा काडीचा संबंध नाही. हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि कट्ट्यावर बसून तर अजिबात नाही.

तेव्हा ओम्नीवाल्यांनो, गाडी गॅरेजला गरमच न्या. जमलं तर भर दुपारी मेकॅनिकला शेजारी बसवून ती बंद पडेपर्यंत फिरवा. आणि त्याने दोष शोधून दिला, एकही पार्ट न बदलता नुसती सैल वायर घट्ट केली, तरी त्या वेळेची मजुरी हुज्जत न घालता द्या.