अनामिक थडग्याचा धडा

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या ग्रीन माउंट दफनभूमीत बूथ घराण्याची जागा आहे. तेथे एक लहानसा कोरा दगड आहे. येणारेजाणारे त्यावर एक सेंटची नाणी ठेवतात. त्या नाण्यांवर मुद्रा असते अब्राहम लिंकन यांची! ज्याची हत्या केली त्याचीच प्रतिमा मारेकऱ्याच्या उशाशी. काळाचा याहून बोलका न्याय कोणता?

जॉन विल्क्स बूथ हा कोणी भणंग माथेफिरू नव्हता. १८३८ साली मेरीलँडमध्ये, नामवंत नटाच्या घरी तो जन्मला. रूप, वाणी, लौकिक, पैसा, सारे त्याच्यापाशी होते. नव्हता तो विवेक. गुलामगिरी त्याला ईश्वरी योजना वाटे आणि लिंकन जुलमी राजा. त्याचा सख्खा भाऊ एडविन हाही श्रेष्ठ नट. परंतु त्याने १८६४ च्या निवडणुकीत लिंकन यांनाच मत दिले होते. एकाच घरात, एकाच संस्कारात वाढूनही माणूस कोणता मार्ग निवडतो, हे अखेर त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. यादवी संपत आली होती. पाचच दिवसांनी, गुड फ्रायडेच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात बूथने लिंकन यांच्या मस्तकात मागून गोळी झाडली. सज्ज्यातून रंगमंचावर उडी घेतली, जुलमी राजांचा असाच अंत होवो, अशा अर्थाची लॅटिन घोषणा दिली आणि पाय मोडलेला असतानाही घोड्यावरून पळ काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन निवर्तले.

पुढचे बारा दिवस खरे बोलके आहेत. दक्षिण आपल्याला वीर म्हणून डोक्यावर घेईल, अशी बूथची खात्री होती. प्रत्यक्षात तो झाडीत लपून वृत्तपत्रे वाचत होता आणि पानोपानी त्याचा धिक्कार होता. ब्रूटसला ज्या कृत्यासाठी गौरविले, त्याच कृत्यासाठी आपला कुत्र्यासारखा पाठलाग व्हावा, अशी खंत त्याने रोजनिशीत नोंदविली. टाळ्यांची सवय लागलेल्या नटाला प्रेक्षक आणि समाज यांतील अंतर अखेरपर्यंत उमगले नाही. २६ एप्रिलला व्हर्जिनियातील एका शेतावर सैनिकांनी त्याला तंबाखूच्या कोठारात वेढले. कोठार पेटविले गेले आणि बॉस्टन कॉर्बेट नावाच्या सैनिकाच्या गोळीने तो कोसळला. तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस होते.

थडग्याचे तीर्थक्षेत्र होऊ नये, म्हणून सरकारने प्रेत लष्करी आवारातील तुरुंगाच्या जमिनीखाली गुपचूप पुरले. हेतू रास्त होता. पण गुप्ततेतून अफवा उगवतात. बूथ निसटला, या दंतकथेने पुढे अनेक दशके पिच्छा पुरविला. एका भलत्याच माणसाचे वाळवलेले प्रेतही त्याच्या नावाने जत्रांतून मिरविले गेले. १८६९ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी देह कुटुंबाच्या स्वाधीन केला. घरच्यांनी मातीचे कर्तव्य केले, पण थडग्यावर नाव कोरले नाही. सत्तेला जे साधले नाही, ते एका दुःखी कुटुंबाच्या मौनाने साधले.

बूथने मिळविले काय? गुलामगिरी वाचली नाही; त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने तिचा अंत केला. ज्या दक्षिणेसाठी त्याने पिस्तूल उचलले, तिच्याशी उदारपणे वागू पाहणारा सर्वांत समर्थ नेताच त्याने हिरावून घेतला. दोनच वर्षांत ती लष्करी अंमलाखाली आली. आणि ज्याला संपवायचे होते, तो अमर झाला.

म्हणून मारेकऱ्याच्या धाडसाच्या कथा तरुणांना सांगताना शेवटचे पान फाडू नये. मतभेद कितीही तीव्र असो, त्याचे उत्तर विचारानेच द्यावे लागते. पिस्तुलाने माणूस मरतो. ज्या पक्षासाठी ते झाडले जाते, त्याची नैतिक बाजूही त्याच क्षणी मरते. मागे उरतो तो एक कोरा दगड.